रुबार्ब हलवणं, लावणं आणि वाढवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये अलॉटमेंट (भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळालेल्या किंवा नव्या घरामागे वाफे करायला घेतलेल्या मराठी मंडळींकडून रुबार्बबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. तारखा आणि महिने ब्रिटनचे आहेत. कॅनडा-अमेरिकेत फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. पुढे ‘गड्डा’ म्हणजे जमिनीतलं जाड मूळखोड, ‘डोळा’ म्हणजे त्यावरचा कोंब, आणि ‘देठ’ म्हणजे आपण खातो तो भाग. या झाडाची सगळी पुंजी गड्ड्यात असते. कधी हलवायचं, किती तोडायचं, कधी थांबायचं, या सगळ्यांची उत्तरं तिथूनच निघतात.

रुबार्ब म्हणजे नक्की काय? भाजी की फळ?

वनस्पती म्हणून भाजीच, आणि आपल्या चुक्याच्या कुळातली. कच्च्या देठाचा तुकडा चावला की नातं लगेच पटतं. हिवाळ्यात पानं मरतात, गड्डा जमिनीत जिवंत राहतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा फुटतो. नीट लावलेलं झाड दहा वर्षं सहज टिकतं. ते बहुतेक गोड पदार्थांतच जातं म्हणून १९४७ मध्ये अमेरिकेत बफलोच्या कस्टम्स न्यायालयाने आयातकरापुरतं त्याला फळ ठरवलं. आयुर्वेदिक दुकानातली रेवंदचिनी ही याच्याच हिमालयातल्या भाऊबंदांची मुळी. ती रेचक आहे. तेव्हा बागेतल्या गड्ड्याचे औषधी प्रयोग घरी करू नयेत.

अलॉटमेंटवर आधीपासून मोठ्या पानांचं एक झाड आहे. ते रुबार्बच आहे हे कसं ओळखायचं?

चव घेऊन नक्कीच नाही. दोन झाडं फसवतात. बर्डॉकची पानंही मोठी असतात, पण उलटी केल्यावर खाली पांढुरकी लव दिसते. लाल देठाच्या चार्डमध्ये देठाची शीर सरळ पानाच्या टोकापर्यंत जाते. रुबार्बचं पान बदामाच्या आकाराचं, उघड्या देठाच्या टोकाला बसलेलं असतं, आणि देठ संपतो तिथून चार-पाच जाड शिरा पंजासारख्या फाकतात. सगळ्यांत खात्रीची खूण हिवाळा सरताना मिळते : मातीतून मुठीएवढे गुलाबी-लाल डोळे वर येतात आणि त्यातून चुरगळलेल्या कागदासारखं पान उलगडतं. शंका असेल तर तेवढी वाट पाहा.

बी पेरावं, रोप आणावं की कुणाकडून गड्डा घ्यावा?

गड्डा. बियांतून येणारी रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. काही बारीक, काही सतत फुलणारी, आणि नीट पीक मिळायला एक वर्ष जास्त लागतं. शेजारच्या प्लॉटवरच्या जुन्या, जोमदार झाडाचा तुकडा मिळाला तर तो फुकटही असतो आणि त्या मातीत ते झाड कसं चालतं हे डोळ्यांसमोर असतं. मात्र पानांवर पिवळट ठिपके, चट्टे असलेल्या किंवा काडीसारखे देठ देणाऱ्या झाडाचा तुकडा घेऊ नका. विषाणू लागला असेल तर तो तुकड्याबरोबर येतो आणि त्यावर इलाज नाही.

कोणती जात घ्यावी?

लवकर हवं असेल तर ‘टिम्परली अर्ली’. तिला थंडीही कमी पुरते. मोठं, उशिरा येणारं, भरपूर पीक हवं असेल तर ‘व्हिक्टोरिया’, जी १८३७ पासून चालत आली आहे; तिला फुलाचे दांडे मात्र जास्त येतात. ‘लिव्हिंगस्टन’ शरद ऋतूतही देठ देते. कॅनडात ‘कॅनडा रेड’ सहज मिळते. एकच झाड लावायचं असेल तर आमचं मत टिम्परलीला.

देठ हिरवेच आहेत. पिकले नाहीत का?

रुबार्ब पिकत नाही. लाली जातीवर आणि थंडीवर ठरते, गोडीवर नाही. व्हिक्टोरियाचे देठ बुडाशी लालसर आणि वर हिरवेच असतात. २५-३० सेंटिमीटर लांब आणि कडक झाले की ते तयार.

गड्डा हलवायला योग्य वेळ कोणती?

पानं मेल्यावर आणि नवे डोळे फुटण्याआधी. म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेर ते मार्चची सुरुवात, जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली नसेल असा कोणताही दिवस. त्यातही नोव्हेंबर उत्तम, कारण मातीत थोडी ऊब असते आणि मुळांना बसायला वेळ मिळतो. माती चिकणमातीची आणि हिवाळाभर पाणी धरणारी असेल तर फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबा. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात वसंतात माती खणता येऊ लागली की लगेच लावतात.

गड्डा कसा काढायचा आणि कसा तोडायचा?

आधी मेलेली पानं काढून डोळे कुठे आहेत ते बघून घ्या. गड्ड्याच्या कडेपासून २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर चारही बाजूंनी स्पेड सरळ खाली घाला. तिरकं घातलंत तर मुळं नाही, गड्डाच कापला जाईल. मुळं गाजरासारखी जाड आणि खूप खोल असतात. सगळी काढायच्या नादाला लागू नका. ३० सेंटिमीटरवर तुटली तरी झाडाचं काही बिघडत नाही. मग फोर्क खाली घालून तरफेसारखं उचला. जुना गड्डा एकट्याला उचलत नाही इतका जड असू शकतो. अशा वेळी तो खड्ड्यातच स्पेडने दुभागा.

बाहेर आल्यावर माती झटकून नीट बघा. हळदीचा गड्डा मोडतो तसा हा हाताने मोडत नाही, स्पेडची धार किंवा जुना मोठा सुरा लागतो. डोळ्यांच्या मधून, वरून खाली, एका घावात कापा. प्रत्येक तुकड्याला निदान एक ठसठशीत डोळा आणि खाली भरपूर मूळ हवं. दोन-तीन डोळे असतील तर झाड वर्षभर आधी पीक देतं. चांगले तुकडे कडेचे असतात. मधला भाग लाकडासारखा झालेला किंवा पोकळ असेल तर निर्दयपणे टाकून द्या. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून तोच पुन्हा लावणं ही नेहमीची चूक. आतून तपकिरी, मऊ दिसलेला तुकडाही नको. (गड्डा कुजण्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.)

त्याच दिवशी लावणं सर्वांत चांगलं. जमलं नाही तर ओलसर गोणपाटात गुंडाळून थंड, सावलीच्या जागी दोन-चार दिवस राहतं. पाण्यात बुडवून ठेवू नका.

जागा आणि खड्डा कसा हवा?

ऊन हवं, निदान अर्धा दिवस. दोन झाडांत ९० सेंटिमीटर ते एक मीटर अंतर ठेवा. आता हा तुकडा मुठीएवढा दिसतो. तीन वर्षांत त्याची पानं एक मीटर व्यापतात.

खड्ड्याच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. दहा वर्षं इथे पुन्हा खणता येणार नाही, तेव्हा काऊच गवत आणि बाइंडवीड (आपली हरणखुरी आणि तिची मोठी बहीण) यांची पांढरी मुळं वेचून काढा. ती एकदा गड्ड्यात शिरली की झाड उपटल्याशिवाय निघत नाहीत. त्यानंतर अर्धा मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल खड्डा काढून एक बादली मुरलेलं खत मातीत मिसळा. शेणखत नसेल तर घोड्याची मुरलेली लीद किंवा घरचं कंपोस्ट चालतं. ताजी लीद मुळं जाळते. माती किंचित आम्ल असलेली रुबार्बला आवडते, त्यामुळे चुना घालायची घाई नको.

आपल्याकडे झाडाभोवती आळं करायची सवय असते. इथे ते करू नका. हिवाळ्यात त्यात पाणी साचून गड्डा कुजतो. उलट माती किंचित उंचवट्यावर ठेवा.

किती खोल लावायचं?

डोळ्याचं टोक मातीच्या पातळीला, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर खाली. पाणी धरणाऱ्या जमिनीत टोक जरा वर दिसलं तरी चालेल. भोवतीची माती पायाने दाबून पोकळी राहू देऊ नका आणि एक बादली पाणी घाला. दर वसंतात पाच-सात सेंटिमीटर जाड खताचं आच्छादन घाला, पण डोळ्यांवर नाही, भोवती. खोल लावलेला किंवा खताखाली गाडलेला गड्डा हे कुजण्याचं पहिलं कारण.

जून महिना आहे, घर बदलतोय. झाड आता नेलं तर जगेल का?

जगू शकतं, हमी नाही. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. मधली दोन-तीन छोटी पानं ठेवून बाकी देठांसकट काढा, नाहीतर मुळं तुटलेल्या गड्ड्याला एवढ्या पानांची तहान भागवता येत नाही. गड्डा न तोडता, मातीच्या ढेकळासकट मोठ्या कुंडीत ठेवा, सावलीत ओला राखा, आणि नोव्हेंबरमध्ये कायमच्या जागी लावा. त्या वर्षाचं आणि पुढच्या वर्षाचं पीक विसरा. नव्या मालकाशी बोलून हिवाळ्यात तुकडा न्यायला येता येत असेल तर ते जास्त बरं.

कुंडीत येतं का?

येतं, पण कुंडी निदान ५० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल हवी. उन्हाळ्यात रोज पाणी, दर वसंतात वरची माती बदलणं आणि चार-एक वर्षांनी गड्डा तोडणं टळत नाही. लंडनच्या फ्लॅटच्या बाल्कनीत हा खटाटोप करायचा की नाही, हे पायऱ्या किती आहेत आणि बादल्या किती उचलता येतात यावर ठरवा.

पहिल्या वर्षी एकही देठ काढायचा नाही, खरंच?

एकही नाही. हिरवं प्रत्येक पान गड्ड्यात पुढच्या वर्षाची बेगमी भरत असतं. दुसऱ्या वर्षी वसंतात चार-पाच देठ काढा आणि थांबा. तिसऱ्या वर्षापासून पूर्ण पीक घ्या. चांगलं झाड हंगामात दोन-तीन किलो देतं. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्याला एक बादली पाणी द्या. रुबार्ब मरतं त्याहून जास्त वेळा ते या पहिल्या दोन वर्षांच्या उतावीळपणाने खुरटतं.

देठ कापायचे की ओढायचे?

ओढायचे. बुडाशी, मातीजवळ धरा, किंचित पिळा आणि बाजूला ओढा. देठ खालच्या पापुद्र्यासकट सुटून येतो. सुरीने कापलं तर मागे राहिलेला खुंट कुजतो आणि ती कूज गड्ड्यात उतरते. एका वेळी झाडावरची निम्मी पानं तरी राहू द्या. पान तिथेच कापून टाका. पानासकट घरी नेलेला देठ लवकर मऊ पडतो.

जूननंतर देठ विषारी होतात म्हणे?

नाही. ते जाड, चोथट आणि जास्त आंबट होतात, एवढंच. जूनअखेर-जुलैत थांबायचं ते झाडासाठी, म्हणजे गड्डा पुन्हा भरायला तीन महिने मिळतात. सप्टेंबरमध्ये पाहुण्यांसाठी दोन देठ काढलेत तर आभाळ कोसळत नाही.

मधून जाड फुलाचा दांडा आलाय. झाड संपलं का?

नाही. दिसताच बुडाशी ओढून काढा, नाही निघाला तर शक्य तितका खाली कापा. बी धरण्यात झाडाची फार ताकद जाते. देठ अजूनही खाण्यालायक असतात; फुलाचा दांडा मात्र टाका. एखाद-दुसरा दांडा व्हिक्टोरियाला येणारच. दरवर्षी अनेक येत असतील तर गड्डा जुना आणि दाटलेला आहे, किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडतंय.

पूर्वी मनगटाएवढे देठ यायचे, आता काडीसारखे येतात. खत घालू का?

आधी वय विचारा. पाच-सहा वर्षं न तोडलेल्या गड्ड्यात डोळ्यांची इतकी गर्दी होते की कुणाच्याच वाट्याला पुरेसं येत नाही. खत घालून ही गर्दी कमी होत नाही, तिथे तोडणंच हवं (पद्धत वर दिली आहे). झाड तरुण असेल तर कारणं तीन : सावली, कोरडा उन्हाळा, किंवा दरसाल ओरबाडून काढणं. अशा झाडाला एक वर्ष पूर्ण सुट्टी द्या. वसंतात चौरस मीटरला साधारण १०० ग्रॅम संतुलित दाणेदार खत आणि वर आच्छादन द्या.

पानं अळूसारखीच दिसतात. चिंच घालून शिजवली तर चालतील का?

नाही. कोणत्याही पद्धतीने नाही. हा प्रश्न मराठी घरांतूनच येतो आणि गैरसमज स्वाभाविक आहे, म्हणून कारण नीट सांगतो. अळूची खाज ही मुख्यतः कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या, पाण्यात न विरघळणाऱ्या स्फटिकांची. त्या घशात टोचतात. चांगलं शिजवून आणि आंबट घालून आपण त्या त्रासावर मात करतो. रुबार्बच्या पानात विरघळणारं ऑक्झॅलिक आम्ल आणि त्याचे क्षार भरपूर असतात. ते टोचून इशारा देत नाहीत, सरळ रक्तात जाऊन कॅल्शियम बांधतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. शिजवून किंवा चिंच घालून ते नाहीसे होत नाहीत. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भाज्यांच्या टंचाईमुळे ही पानं खायचा सल्ला दिला गेला आणि लोक आजारी पडले, मृत्यूही झाले. ना पातळभाजी, ना वड्या. कुणी खाल्लीच तर लक्षणांची वाट न पाहता वैद्यकीय मदत घ्या.

मग पानं कंपोस्टमध्ये टाकली तर खत विषारी होईल?

होणार नाही. कुजताना ऑक्झॅलिक आम्ल मोडून जातं. बिनधास्त टाका. नको तिथलं गवत दाबायला झाडाभोवती पसरली तरी चालतात.

एप्रिलमध्ये गोठवणारं दंव पडलं. देठ खाऊ का?

देठ कडक आणि ताठ असतील तर खा. पानांच्या कडा करपल्या तरी हरकत नाही. दंवाने देठ काळपट, लुळे, पाणथळ झाले असतील तर काढून टाका, कारण अशा वेळी पानातलं आम्ल देठात उतरू शकतं. त्यानंतर नव्याने आलेले देठ निर्धास्त खावेत.

बादलीखाली झाकून वाढवतात ते कसं? आणि कशासाठी?

नवरात्रात देवघरातल्या अंधारात घटाचं धान लांब आणि पिवळं वाढतं, तोच हा प्रकार. उजेड नसला की झाड गड्ड्यातल्या साठ्यावर वाढतं. देठ गुलाबी, कोवळे, कमी आंबट आणि नेहमीपेक्षा काही आठवडे आधी मिळतात. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये १८१५ च्या सुमारास खणकाम करताना गड्ड्यांवर माती पडली आणि ही गोष्ट अपघाताने कळली. यॉर्कशरमध्ये वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेलच्या मधल्या पट्ट्यात तिचा धंदा झाला : गड्डे दोन वर्षं शेतात एकही देठ न काढता पोसायचे, थंडी लागली की उचलून अंधाऱ्या, ऊबदार शेडमध्ये दाटीने मांडायचे आणि मेणबत्तीच्या उजेडात देठ ओढायचे. २०१० मध्ये त्याला युरोपीय संघाचं संरक्षित उत्पादन-नाव मिळालं, आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखं.

घरी करायचं असेल तर निदान तीन वर्षांचं, धष्टपुष्ट झाड घ्या. शरदात मेलेली पानं काढून गड्डा थंडीला उघडा ठेवा. थंडी नीट लागल्याशिवाय झाकलंत तर तो उठणारच नाही. जानेवारीत वर सैल कोरडा पेंढा टाका आणि कचऱ्याचा मोठा डबा उपडा ठेवा. भोक असेल तर बंद करा, वर वीट ठेवा. आठ आठवड्यांच्या आसपास देठ डब्याच्या उंचीला येतात. आठवड्यातून एकदा उचलून गोगलगायी आणि बुरशी बघा. पीक काढलं की डबा काढा आणि त्या वर्षी पुन्हा हात लावू नका. पुढची दोन वर्षं ते झाड झाकायचं नाही. शेडमधले व्यापारी गड्डे तर एका पिकानंतर फेकूनच देतात, इतके ते रिकामे झालेले असतात.

वसंतात मधले डोळे मऊ पडलेत, गड्डा तपकिरी दिसतो.

गड्डा कुजतोय. बहुतेक वेळा कारण साचलेलं पाणी किंवा डोळ्यांवर चढवलेलं खत. एखादा कोपराच मऊ असेल तर निरोगी भागापर्यंत कापून तो भाग दुसरीकडे लावा. सगळाच गेला असेल तर उपटून टाका, कंपोस्टमध्ये नाही. त्या जागी पुन्हा रुबार्ब लावू नका. रोग मातीत राहतो.

देठांवर भोकं आणि त्यातून डिंकासारखे थेंब दिसतात (ओंटारियो).

हे रुबार्ब करक्युलिओ नावाच्या सोंडेकिड्याचं काम. उत्तर अमेरिकेत तो असतो. किडे सकाळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. तो अंडी मुख्यतः डॉक नावाच्या रानटी तणात वाढवतो, म्हणून आसपासचा डॉक जुलैपर्यंत मुळासकट काढणं हाच खरा उपाय.

आमसुलाऐवजी वापरता येईल? मुतखडा झालेल्यांनी खावं का?

आमटीत, चटणीत, मेथांब्यासारख्या पदार्थात छान जमतं. आंबट फार असल्याने गूळ हात सैल सोडून घाला. अॅल्युमिनियम, लोखंड किंवा कल्हई नसलेल्या पितळेत शिजवू नका, स्टीलच वापरा. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे कच्चेच फ्रीझरमध्ये वर्षभर राहतात. देठातही ऑक्झॅलेट पुष्कळ असतं, त्यामुळे ऑक्झॅलेटचा खडा झालेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

गावी, म्हणजे पुण्या-नाशकात लावलं तर?

कायमचं झाड म्हणून नाही. गड्ड्याला झोप मोडायला कित्येक आठवडे पाच अंशांच्या खालची थंडी लागते, आणि उन्हाळ्याचं सरासरी तापमान २४ अंशांच्या फार वर गेलं की तो खंगतो. आपला मे महिना त्याला सोसत नाही, आणि तिथून वाचला तर पावसाळा कुजवतो. महाबळेश्वर थंड म्हणून विचारणारे पुष्कळ असतात, पण पाच हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस गड्ड्याला कसा चालेल? फ्लोरिडासारख्या गरम भागात ते बी पेरून एका हंगामाचं पीक म्हणून घेतात. तसं करून बघायचं असेल तर सप्टेंबरअखेर पेरा आणि मार्चच्या आत मिळतील तेवढे बारीक देठ काढून घ्या. गड्डा सामानात घालून नेऊ नका. रोपं-मुळं भारतात आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. नुसता आंबटपणा हवा असेल तर त्याच वाफ्यात चुका पेरा. तो दीड-दोन महिन्यांत तयार होतो, आणि त्याची पानं खाता येतात.